खांबांवरील कांचमणि

संग्रहाची हौस मनुष्यमात्राच्या ठायीं उपजतच असते. नदीकांठीं गेलेलें मूल रित्या हातानें परत येत नाहीं. चार गुळगुळीत गोटे तरी त्याच्या खिशांत असतातच. वय वाढतें तसतशी कोणाची ही हौस विरून जाते, कोणाची टपालाच्या तिकिटांकडे वळते, कोणाची नाण्यांकडे, तर कोणाची जुन्या पोथ्यांकडे. पोथ्या आणि नाणीं जमविणारास समाज विद्वान् म्हणतो, तिकिटें जमविणारास हौशी म्हणतो. पण तारेच्या खांबांवर बसविलेल्या कांचेच्या व चिनी मातीच्या टोप्या जमविणारा कोणी भेटला, तर त्यास काय म्हणावें हें आमच्याकडील पुष्कळांस सुचणार नाहीं. असे लोक जगांत थोडेथोडके नाहींत. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपांतील अनेक देश येथें ह्या टोप्यांचे जाणते संग्राहक आहेत. अमेरिकेंत तर १९७३ सालापासून त्यांची राष्ट्रीय संस्था आहे, त्यांचीं संमेलनें भरतात, आणि एखादी दुर्मिळ टोपी हजारों डॉलरांस विकली जाते.

किंमतीची ही गोष्ट ऐकून कोणाचे डोळे विस्फारले तर नवल नाहीं. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ती किंमत नव्हे. ह्या छंदाचें मर्म वस्तूच्या मोलांत नसून ती वस्तु वाचतां येण्यांत आहे. जी वस्तु वाचतां येते, ती न वाचतां फोडून टाकणें म्हणजे लिहिलेलें पान न वाचतां चुलींत घालणें होय. एवढें एकच म्हणणें वाचकांच्या पदरीं घालण्याचा येथें हेतु आहे.

रोधकाचें काम

इंग्रजींत ह्या टोपीस इन्सुलेटर म्हणतात. आपण तिला विद्युद्रोधक म्हणूं, आणि सोयीसाठीं नुसतें रोधक म्हणूं. खांबांवरची तार उघडी असते, आणि तिच्यांतून जाणारा प्रवाह जमिनींत उतरण्याची वाट नेहमीं शोधीत असतो. कोरडें लांकूड त्यास फारशी वाट देत नाहीं. पण पावसानें भिजलेला खांब म्हणजे त्यास उतरावयास आयती शिडीच. एका खांबावर गळणारा प्रवाह अगदीं अल्प असेल. परंतु मैलास तीस-चाळीस खांब आणि मार्ग शेंकडों मैलांचा, असा हिशेब केला म्हणजे जागोजाग छिद्रें पडलेल्या पन्हळींतून पाणी नेण्यासारखी अवस्था होते. म्हणून तार आणि खांब ह्यांच्यामध्यें विजेस थारा न देणारा पदार्थ घालावा लागतो. तो पदार्थ कांच किंवा चिनी माती.

सॅम्युएल मोर्स ह्यानें १८४४ सालच्या मे महिन्यांत वॉशिंग्टन ते बाल्टिमोर हा तारमार्ग सुरू केला, तेव्हां प्रथम शिशाच्या नळींतून तार जमिनीखालून न्यावयाचा बेत होता. नळी पुरण्यास आरंभही झाला. पण आंतील तारांचें वेष्टन सदोष निघालें, आणि सरकारनें दिलेला पैसा तर संपत चालला. तेव्हां खांबांचा आश्रय घ्यावा लागला. तार कशावर टेकवावी हा प्रश्न आला, त्या वेळीं कामावर असलेल्या एझ्रा कॉर्नेल ह्यानें कांचेच्या दोन तुकड्यांमध्यें तार धरण्याची युक्ति सुचविली, आणि जोसेफ हेन्री ह्या थोर पदार्थविज्ञान-शास्त्रज्ञानें तिच्याच बाजूनें कौल दिला. पुढें हाच कॉर्नेल तारेच्या धंद्यांत धनाढ्य झाला, आणि १८६५ सालीं स्थापन झालेल्या विद्यापीठास त्याचें नांव मिळालें.

रोधकाचा आकार घंटेसारखा कां, हें मुलांस सहज समजावून सांगतां येतें. पाऊस वरून पडतो. घंटेची बाहेरील बाजू भिजते, आंतील कोरडी राहते. तारेपासून खुंटीपर्यंत पोंचावयाचें तर प्रवाहास बाहेरील ओल्या अंगावरून कडेपर्यंत उतरून पुन्हां आंतील कोरड्या अंगावरून वर चढावें लागतें. ही कोरडी वाट जितकी लांब तितकी गळती कमी. म्हणून पुढें एका घंटेच्या आंत दुसरी घंटा बसविण्याची रीति निघाली. इंग्लंडांत लॅटिमर क्लार्क ह्यानें आणि प्रशियांत शोव्हां ह्या तारखात्यांतील अधिकाऱ्यानें १८५० नंतरच्या दहा वर्षांत असे दुहेरी रोधक प्रचारांत आणले. अमेरिकन लोक ह्या घेरांस विनोदानें परकर म्हणतात, आणि एकपरकरी, दोनपरकरी असे भेद तेथील सूचीग्रंथांत गांभीर्यानें छापलेले असतात!

आरंभींच्या कांचेच्या रोधकांत आंत गुळगुळीत भोंक असे. तें लांकडी खुंटीवर नुसतें दडपून बसवीत. वारा सुटला, तार हेलकावे खाऊं लागली कीं टोपी खुंटीवरून उडे. १८६५ सालच्या जुलैंत लुई कोव्हे ह्या न्यूयॉर्कच्या सुतारानें त्या भोंकास आंतून मळसूत्री आटे पाडण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. खुंटीलाही तसेच आटे. टोपी फिरवून बसविली कीं वाऱ्याचें कांहीं चालत नाहीं. एका सुताराच्या ह्या सुधारणेनें सगळा धंदा पालटला. ब्रुकलिनच्या ब्रुकफील्ड कारखान्यानें हा हक्क घेतला, आणि बिनआट्याचे रोधक हळूहळू मागें पडले. आज संग्राहकाच्या हातीं बिनआट्याचा रोधक आला म्हणजे तो प्रथम आंत बोट घालून पाहतो. बोटास आटे लागले नाहींत तर वस्तु बहुधा दीडशें वर्षांच्या आसपासची, हें त्यास कोणी सांगावें लागत नाहीं.

दुसरी युक्ति हेमिंग्रे ह्या कारखान्याची. हा मूळचा ओहायो नदीच्या कांठचा कारखाना. पुढें इंडियाना संस्थानांत मन्सी येथें त्याचा मोठा विस्तार झाला. फळें टिकविण्याच्या बरण्या आणि बाटल्या करणाऱ्या ह्या कारखान्यानें रोधकाच्या खालच्या कडेस बारीक दांत्यांची ओळ काढली. सपाट कडेवर पाणी पसरून राहतें. दांत्यांवर त्याचे थेंब होऊन टपकतात आणि कड लवकर कोरडी होते, असें त्याचें म्हणणें होतें. ह्या युक्तीच्या पेटंटाची तारीख, २ मे १८९३, रोधकाच्या अंगावरच उठविलेली असे. एरवीं कागदावर राहावयाची तारीख येथें कांचेंतच गोठून राहिली आहे.

कांच कीं चिनी माती?

अमेरिकेनें तारेसाठीं मुख्यतः कांच पत्करली आणि युरोपनें चिनी माती. अमेरिकेंत बाटल्यांचे कारखाने पुष्कळ. कांचेचा रस साच्यांत दाबला कीं रोधक तयार, म्हणून तो स्वस्त पडे. शिवाय कांच पारदर्शक. तिला तडा गेला तर दिसून येतो. कोळी आणि किडे अंधारी जागा शोधतात, उजेड शिरणाऱ्या टोपींत ते घर करीत नाहींत, असेंही कांचवाल्यांचें सांगणें असे. उलट कांचेच्या अंगावर दमट हवेंत ओलाव्याचा पातळ थर लवकर धरतो. चांगली भाजलेली आणि झिलई दिलेली चिनी माती त्या मानानें कोरडी राहते. युरोपांतील दमट हवेस आणि जुन्या कुंभारकलेस चिनी मातीच मानवली.

पुढें प्रश्न बातमी पोंचविण्याचा न राहतां शक्ति पोंचविण्याचा झाला, तेव्हां चिनी मातीनें सरशी केली. १८९६ सालीं नायगाराच्या धबधब्यापासून बफेलो शहरास ११,००० व्होल्ट दाबाची वीज नेली, ती चिनी मातीच्या रोधकांवरून. न्यूयॉर्क संस्थानांतील फ्रेड लॉक ह्यानें ह्याच सुमारास असे मोठे रोधक घडविण्याच्या कामीं इतका उद्योग केला कीं संग्राहक त्यास चिनी रोधकांचा जनक म्हणतात. दाब वाढूं लागला तसतसा टोप्यांचा आकार छत्रीएवढा होऊं लागला, आणि त्यासही मर्यादा पडली. १९०७ सालीं ह्यूलेट आणि बक ह्या दोन अमेरिकन इंजिनियरांनीं तार टोपीवर ठेवण्याऐवजीं चकत्यांच्या माळेस टांगण्याची रीति काढली. आज लोखंडी मनोऱ्यांवरून गेलेल्या तारांखालून प्रवास करतांना ह्या माळा सर्वांनाच दिसतात. माळेंतील चकत्या मोजल्या तर दाबाचा अदमास लागतो: साधारण नऊ-दहा चकत्या असतील तर १,३२,००० व्होल्ट, तेरा-चौदा असतील तर २,२०,००० व्होल्ट. आगगाडींतून जातांना मुलांस हा खेळ लावून द्यावा. खिडकीजवळील जागेवरून होणारें भांडण तेवढें मात्र वाढेल!

नांव, क्रमांक आणि लक्षण

कोणताही संग्रह वर्गीकरणावांचून शास्त्र होत नाहीं. तोंपर्यंत ती अडगळ. कांचेच्या रोधकांचे आकार शेंकडों. एकच आकार दहा कारखान्यांनीं केलेला, आणि एकाच कारखान्यानें तो दहा रंगांत केलेला. शिवाय लोकांत प्रचलित नांवें गमतीचीं: उभट गोल आकारास मधमाश्यांचें पोळें, दोन कान असलेल्यास मिकी माऊस, टेलिफोनच्या लहान रोधकास तट्टू. ह्या गोंधळांत व्यवस्था आणली ती टेक्सासच्या एन. आर. वुडवर्ड ह्या संग्राहकानें. त्यानें प्रत्येक आकारास एक क्रमांक दिला, आणि ती पद्धति आज सर्वत्र मान्य आहे. पोळ्याचा क्रमांक १४५, मिकी माऊसचा २५७, आणि बिनआट्याच्या सर्व जातींस ७०० च्या पुढील आंकडे. चिनी मातीच्या रोधकांसाठीं असेंच काम जॅक टॉड ह्यानें केलें.

तर्कशास्त्र शिकलेल्या वाचकास ह्या योजनेंतील मर्म ताबडतोब कळेल. लक्षण करावयाचें तर तें अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव ह्या तीन दोषांपासून मुक्त पाहिजे, असें आपल्या नैयायिकांनीं बजावून ठेवलें आहे. रंगावरून लक्षण करावें तर एकाच साच्यांतील दोन भावंडें निराळ्या वर्गांत जातात. कारखान्याच्या नांवावरून करावें तर ज्यांवर नांवच नाहीं त्यांचें काय? वुडवर्डनें रंग, नांव, तारीख ह्या सर्वांस उपाधि मानून बाजूस ठेवलें आणि केवळ आकार हेंच लक्षण धरलें. त्यानें तर्कसंग्रह वाचला असण्याचा संभव नाहीं. पण व्यवस्थित विचार करणारी बुद्धि कोठेंही असली तरी एकाच वाटेनें चालते, हें पाहून समाधान वाटतें.

ह्या क्रमांकामुळें ज्ञान सामायिक झालें. ऑस्ट्रेलियांतील मनुष्यानें '१५४' एवढें लिहिलें कीं कॅनडांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें तोच आकार उभा राहतो. ह्या १५४ व्या आकाराचा 'हेमिंग्रे ४२' हा रोधक अमेरिकेंत इतका विपुल निघाला कीं तो आजही अगदीं अल्प किंमतीस मिळतो. नवशिक्यानें त्याच्यापासूनच आरंभ करावा असें जाणते लोक सांगतात, आणि तें योग्यच आहे. ज्यास सामान्य रूप नीट ओळखतां येत नाहीं त्यास असामान्य रूप ओळखतां कसें येणार?

अंगावरील अक्षरें हा स्वतंत्र अभ्यास. साच्यांत अक्षरें उलटीं कोरावीं लागतात, म्हणजे कांचेवर तीं सुलटीं उठतात. कोरणाऱ्याचें अवधान ढळलें कीं एखादें अक्षर साच्यांत सुलटें राहून कांचेवर उलटें उमटे. शाळेंत पाटीवर अशीं उलटीं अक्षरें काढणाऱ्या मुलांस आम्ही छड्या मारल्या. संग्राहक मात्र त्याच उलट्या अक्षरासाठीं जास्त पैसे मोजतात!

रंगाची गोष्ट

कांचेचा रोधक उन्हांत धरला म्हणजे त्याचें खरें सौंदर्य दिसतें. बहुतेकांचा रंग समुद्राच्या उथळ पाण्यासारखा निळसर हिरवा. हा रंग कोणी मुद्दाम घातलेला नाहीं. वाळूंत लोखंडाचा अंश असतो, त्याचा तो गुण. खांबावरच्या टोपीस रंग काय करावयाचा, म्हणून कारखानदार तो घालविण्याच्या भरीस पडत नसत. भट्टींत फुटक्या बाटल्यांची कांच घालीत. एखाद्या वेळीं तींत तपकिरी बाटल्या अधिक आल्या तर मधाच्या रंगाचे पट्टे हिरव्यांत फिरलेले दिसतात. ब्रुकफील्डच्या रोधकांत तर हिरव्या रंगाच्या इतक्या छटा आढळतात कीं आमराईतील पानें मोजावीं तशी त्यांची गणती. कोबाल्टनें गडद निळा केलेला रोधक दुर्मिळ, आणि म्हणून मौल्यवान.

सर्वांत विलक्षण कथा जांभळ्या रंगाची. लोखंडाचा हिरवेपणा मारण्यासाठीं कांहीं कारखानदार कांचेंत मँगेनीज घालीत. अशी कांच भट्टींतून निघते तेव्हां जवळजवळ रंगहीन असते. परंतु वर्षानुवर्षें ऊन खाल्लें म्हणजे उन्हांतील अतिनील किरणांनीं मँगेनीजचें रूपांतर होऊन तिला हळूहळू जांभळी झांक येते. जांभळ्या रोधकानें कोणत्या तरी माळावर किती ऊन सोसलें ह्याची ती नोंदच होय. पिकत चाललेल्या केंसांप्रमाणें हा रंग आयुष्याचा पुरावा आहे.

आणि येथेंच ह्या छंदांत लबाडी शिरली. रंगहीन कांचेवर गॅमा किरणांचा मारा केला तर जो रंग उन्हास अनेक वर्षें लागली असतीं तो थोड्या वेळांत, आणि पुष्कळदां अधिकच गडद, येतो. असे बनावट जांभळे रोधक जुने म्हणून विकले गेले. कांहींनीं भट्टींत तापवून, कांहींनीं रसायनें चोळून रंग पालटले. विकत घेणारा फसतो ही हानि आहेच. पण तिच्याहून मोठी हानि म्हणजे पुरावा भ्रष्ट होतो. एकदां किरणांखालीं घातलेल्या कांचेची साक्ष पुन्हां विश्वासानें वाचतां येत नाहीं. तिनें उन्हांत घालविलेला काळ कायमचा पुसला जातो. नवे शिलालेख कोरून ते प्राचीन म्हणून दाखविणाऱ्या मनुष्यास इतिहाससंशोधक जसे पंक्तींतून उठवितात, तसेंच प्रामाणिक संग्राहक ह्या लोकांविषयीं वागतात. छंदाला नीति लागते ती अशी.

देशोदेशींचे रोधक

प्रत्येक देशाच्या रोधकावर त्या देशाची छाप असते. जपानांत तार आली ती १८७० च्या सुमारास. तेव्हां परदेशी रोधकांवर अवलंबून न राहतां आरिता येथील फुकागावा एइझाएमोन ह्या पिढीजाद कुंभारानें ते आपल्या भट्टींत भाजले. आरिताचीं नाजुक रंगीत भांडीं त्यापूर्वीं दोनशें वर्षें युरोपांतील राजवाड्यांत मानानें ठेवलीं जात होतीं. त्याच मातीचे, त्याच हातांचे पांढरे रोधक आतां रस्त्यावरच्या खांबांवर चढले. कुलीन कारागिरीस ह्या कामांत कमीपणा वाटला नाहीं. पुढें १९१९ सालीं नागोया येथें केवळ रोधकांसाठीं स्वतंत्र कंपनी निघाली, ती आज ह्या धंद्यांत जगांत अग्रगण्य आहे. जर्मनींत रोझेन्थाल, इटलींत रिचर्ड-जिनोरी ह्या उंची भांडीं करणाऱ्या घराण्यांनींही रोधक केले. फ्रान्सांत फोलांब्रे येथील कारखान्याचे कांचेचे रोधक प्रसिद्ध आहेत. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेसाठीं जॉन्सन आणि फिलिप्स ह्या इंग्रज कंपनीनें खालची कड आंत वळवून तिच्या पन्हळींत तेल भरण्याची सोय केली. तेलावर ओलावा धरत नाहीं, म्हणून गळतीची वाट तुटते. घरांतील अन्नाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून मुंग्यांची वाट तोडणाऱ्या गृहिणीस ही युक्ति समजावून सांगण्याची गरज नाहीं.

ऑस्ट्रेलियाची कथा निराळी आहे. ॲडलेडपासून डार्विनपर्यंत निर्जल वाळवंटांतून सुमारें ३,२०० किलोमीटरचा तारमार्ग चार्ल्स टॉड ह्याच्या देखरेखीखालीं १८७२ सालच्या ऑगस्टांत पुरा झाला. तेथील मूळ रहिवाशांच्या हातीं दगड फोडून धारदार अग्रें काढण्याची हजारों वर्षांची कला होती. त्यांस रोधकांची कांच व चिनी माती भाल्याच्या पात्यांस उत्तम वाटली, आणि उत्तर ऑस्ट्रेलियांत रोधकांपासून केलेलीं अशीं सुंदर पातीं आज तेथील वस्तुसंग्रहालयांत आहेत. टोप्या वांचाव्या म्हणून तारखात्याचे लोक खांबाच्या पायथ्याशीं रिकाम्या बाटल्या ठेवून जात, अशी हकीकत सांगतात. एकाची मोडतोड ती दुसऱ्याची कारागिरी. आपली भूमि न विचारतां ओलांडून जाणाऱ्या तारेकडून त्या लोकांनीं घेतलेला तो कर होता, असेंही कोणी म्हणेल.

आपल्याकडील स्थिति

हिंदुस्थानांत तारेचा पाया डॉक्टर ओशॉनेसी ह्यानें घातला. १८३९ सालीं त्यानें कलकत्त्याजवळ प्रयोग केले, आणि १८५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर हा मार्ग चालू झाला. त्याच्या आरंभींच्या कामांत बारीक तार नसून बोटासारख्या जाड लोखंडी कांबी होत्या आणि खांबांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं बांबू होते. १८५४ च्या मार्चांत आग्रा व कलकत्ता जोडलीं गेलीं. पुढें मुंबई व मद्रास हींही जोडलीं जाऊन १८५५ सालीं तार सर्व लोकांस खुली झाली. विलायतेशीं खुष्कीचा मार्ग सीमेन्स बंधूंनीं १८७० सालीं पुरा केला. त्या वर्षीं एप्रिलांत लंडनहून कलकत्त्यास निघालेला संदेश २८ मिनिटांत पोंचला. इराणच्या ओसाड प्रदेशांत रोधक म्हणजे नेमबाजांस आयतें निशाण. म्हणून सीमेन्सच्या रोधकांस वरून लोखंडी टोप असे.

तार आपल्या घरांत कशी येत असे हें पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांस आठवत असेल. दारांत तारवाल्याची सायकल थांबली कीं माजघरांतील बोलणें बंद पडे, आजीचा हात जपमाळेवर थबके, आणि घरांतील इंग्रजी जाणणारा मनुष्य येईपर्यंत तो कागद कोणी उघडीत नसे. जन्म, मरण, नोकरीची नेमणूक, परीक्षेचा निकाल, सर्व कांहीं त्या चार शब्दांत आलें. २०१३ सालच्या जुलैंत सरकारी तारसेवा बंद झाली. रेल्वेच्या कडेनें आडव्या दांड्यांवर पांढऱ्या टोप्यांच्या रांगा मिरविणारे खांबही जमिनीखालील दोऱ्यांमुळें बहुतेक ठिकाणीं गेले. ज्या टोप्यांनीं ते चार शब्द पावसाळ्यांत गळूं न देतां आपल्या दारापर्यंत आणले, त्यांचें काय झालें?

प्रस्तुत लेखकानें कांहीं वर्षांपूर्वीं एका भंगाराच्या दुकानापुढें त्याचें उत्तर पाहिलें. चिनी मातीस भंगारांत भाव नाहीं. भाव आहे तो आंतील लोखंडी खिळ्यास. एक मुलगा हातोडीनें एकामागून एक टोप्या फोडून खिळे निराळे करीत होता, आणि त्याच्याभोंवतीं पांढऱ्या खापऱ्यांचा ढीग पडला होता. त्याचा त्यांत कांहीं दोष नाहीं. त्याचें पोट त्यावर होतें. थोडे पैसे देऊन तीन अभंग टोप्या घेतल्या. घरीं धुतल्यावर एकीच्या अंगावर '१९४३' हा आंकडा स्पष्ट वाचतां आला. १९४२ च्या चळवळींत देशांत ठिकठिकाणीं तारा तोडल्या गेल्या आणि खांब पाडले गेले, हें सर्वांस ठाऊक आहे. ही टोपी त्यानंतर उभारलेल्या एखाद्या खांबावर बसली होती काय? ती कोणत्या स्टेशनाजवळून उतरविली एवढें जरी कोणी खडूनें लिहून ठेवलें असतें, तरी कदाचित् सांगतां आलें असतें. दुकानदारास विचारलें, त्यानें हात हलविला. साक्षीदार हातीं आला होता, पण त्याचें गांव हरवलें होतें, आणि गांव हरवलेल्या साक्षीदाराची साक्ष कोण धरणार?

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनीं १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती, कुलुपें अशा घरोघरच्या वस्तु जमविण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांनाही लोक हंसलेच असतील. आज राजा केळकर संग्रहालयांत तेच अडकित्ते पाहण्यासाठीं परदेशचे लोक येतात. रोधकांच्या बाबतींत ती वेळ अजून गेलेली नाहीं. पण ती जात चालली आहे.

घरच्या घरीं

ह्या छंदास पैसा थोडा आणि सावधगिरी पुष्कळ लागते. पहिला नियम असा कीं उभ्या खांबास हात लावूं नये. त्यांत जीव जाण्याचें भय आहे, आणि जीव वांचला तरी ती चोरी आहे. खांब मोडकळीस आलेला दिसला तरी त्यास धनी असतो. त्याची परवानगी मागावी. भंगाराचे दुकान आणि जुना बाजार हीं खरीं क्षेत्रें. दुसरा नियम: वस्तु मिळाली त्याच दिवशीं वहींत नोंद करावी. कोठें मिळाली, कोणी दिली, कोणत्या मार्गावरची म्हणून सांगितली, अंगावर काय अक्षरें आहेत, उंची व घेर किती. वहींतील क्रमांक लहान चिठ्ठीवर लिहून टोपीच्या आंत चिकटवावा. चिठ्ठी नसलेली टोपी ही नांव नसलेल्या पत्रासारखी.

धुतांना कांचेवर कढत पाणी ओतूं नये, तडा जातो. साबणाच्या कोंबट पाण्यांत रात्रभर ठेवून जुन्या दांतघांशीनें घांसावें. चिनी मातीवरील गंजाचे डाग लिंबानें किंवा चिंचेनें बरेच निघतात. परदेशीं आगगाडीची काजळी काढण्यासाठीं ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. तें विषारी असल्यामुळें मुलाबाळांच्या घरांत आणूंच नये. फुटकी टोपी मिळाली तर तीही ठेवावी. मातीचा पोत आणि झिलईची जाडी तुटलेल्या कडेवरच उत्तम दिसते. कांचेच्या टोप्या पूर्वेच्या खिडकींत मांडाव्या. सकाळच्या उन्हांत त्यांचा जो निळा-हिरवा प्रकाश भिंतीवर पडतो, तो पाहून घरांतील बायकामाणसें अडगळीची तक्रार करीत नाहींत, असा अनुभव आहे.

शेवटीं एका शब्दाविषयीं सांगून लेख आटोपतों. संस्कृतांत 'सेतु' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दोन तीर जोडतो तो पूल सेतु, आणि दोन शेतांचीं पाणीं एकमेकांत मिसळूं देत नाहीं तो बांधही सेतुच. बांधणें ह्या अर्थाच्या 'सि' धातूपासून हा शब्द आला, आणि जोडणें व निराळें ठेवणें हीं दोन्ही कामें त्यांत सामावलीं. खांबावरील टोपी ह्या दोन्ही अर्थांनीं सेतु आहे. तारेस ती खांबाशीं जोडते, आणि तारेंतील निरोप खांबांत उतरूं देत नाहीं. पंचवीस-तीस माणसांच्या एकत्र कुटुंबांतही असा एखादा मनुष्य असतो: सर्वांस धरून ठेवणारा, आणि एकाची धग दुसऱ्यास न लागूं देणारा. तो घरांत आहे तोंपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्याची नोंद वेळींच करून ठेवावी.